गोंड्याचा सिनेमा

गोंड्या बोलताना मी पाहिला तेव्हा त्याच्या ओठांना गूळ चोळलेला होता, हे मला ठाऊक होतं. चोळणाऱ्यांत मी स्वतःच होते. तरीही पडद्यावर त्यानं तोंड उघडलं आणि "आई, तू कुठे आहेस?" असं विचारलं, तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आज लिहायला बसले तरी तो येतो. नातीच्या मोबाइलवर हल्ली कुत्री, कोंबड्या, हत्ती सगळे बोलतात, गातात, इंग्रजीतून भांडतातसुद्धा. तिचा घास काही त्यामुळे हातात थांबत नाही. मी मात्र अजून थांबते. तिची आई म्हणते, आजी, तुम्हीच जास्त बघता. बघते खरी, कारण जनावर बोललं तर काय काय घडू शकतं ते मी एकदा पाहिलेलं आहे.

खर्डीच्या वरच्या अंगाला आमचं घर होतं. कुडाची भिंत, शेणानं सारवलेली. तिच्या एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला गोठा. त्यामुळे हरणी आमच्या घरातच राहायची म्हटलं तरी चालेल. पहाटे अंथरुणात असताना भिंतीपलीकडून तिचं रवंथ ऐकू यायचं, मधूनच एक लांब सुस्कारा, मग शेपटीचा फटका. आईनं नाचणीची भाकरी थापायला घेतली की त्या थपथपीबरोबर रवंथ थांबायचं. पहिली भाकरी आपली, हे हरणीला पक्कं माहीत होतं. आईनं कधी चुकून पहिली बाबांच्या पानात वाढली तर पलीकडून शिंग भिंतीला घासल्याचा आवाज यायचा, आणि बाबा हसत म्हणायचे, "घे गो, सवत रागावली तुजी." गोंड्या झाला तेव्हा पाच दिवस आम्ही खरवस खाल्ला, गूळ आणि वेलदोडा घालून, आणि शेजारीपाजारी वाटला. कपाळावर केसांचा झुबका होता म्हणून त्याचं नाव गोंड्या. मला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. शाळेतून आले की पाटी टाकून मी आधी गोठ्यात जायची, आणि तो माझ्या परकराचा काठ तोंडात धरून चोखत बसायचा. माझे सगळे परकर त्या एका कोपऱ्यात विरलेले असत.

सिनेमावाले आले ते होळी होऊन गेल्यावर. दोन गाड्या भरून माणसं, पेट्या, छत्र्या, आणि चांदीसारखे चकचकीत तक्ते, ऊन फिरवायला. कोणीतरी खबर आणली की त्यांना वासरू हवंय. मुलांचा सिनेमा होता. एक वासरू आईपासून हरवतं आणि वाटेत भेटेल त्याला आपल्या घरचा पत्ता विचारत फिरतं, अशी गोष्ट. दिग्दर्शक साहेब उंच, चष्म्याचे, उन्हानं लाल झालेले. त्यांनी गावातली सहा-सात वासरं पाहिली आणि गोंड्यापाशी येऊन थांबले. म्हणाले, "याच्या डोळ्यांत प्रश्न आहे." बाबांना ते काही कळलं नाही, पण वासराची तारीफ चाललीय एवढं कळलं आणि ते खूश झाले. पंधरा दिवस आमच्याच शिवारात काम चाललं. दृश्य घ्यायच्या आधी मी गोंड्याच्या ओठांना आणि दातांना गूळ चोळायची, आणि तो जीभ फिरवत, जबडा हलवत राहायचा. साहेब सांगायचे, पुढे यावर आवाज चढवू. आवाज चढवतात म्हणजे काय करतात, ते मी सोमीबायला विचारलं. सोमीबाय गावची गुरं राखायची. तिचं घर गावाबाहेर, उंबरमाळीच्या अंगाला असलेल्या वाडीवर. तिला गुरांतलं सगळं कळायचं. ती म्हणाली, "बोलतान गो गुरा. आपल्याला टाइम नसतो आयकायला."

मग साहेबांनी सांगितलं की उरलेलं काम मुरबाडकडे करायचंय, डोंगर वेगळा पाहिजे. वासरू पंधरवडाभर न्यावं लागेल, काम आटोपलं की आणून सोडू. आई नाही म्हणत होती. दूध पिणारं पोर आईपासून तोडायचं नसतं, हा तिचा मुद्दा होता. बाबांचंही मन होत नव्हतं. हट्ट धरला तो मी. आपला गोंड्या सिनेमात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी दोन दिवस जेवले नाही आणि बाबा विरघळले.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जनावर दुसऱ्याच्या दारी जातं ते दोन तऱ्हेनं. विकलं किंवा देऊन टाकलं तर त्याचं दावं सोडून घ्यायचं. ते आपल्या खुंट्याला राहतं, नाहीतर गोठ्याची बरकत जनावराबरोबर जाते. नेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. पण जनावर थोड्या दिवसांसाठी जायचं असेल, कोणाच्या नांगराला किंवा कोणाच्या बैलाकडे, तर ते आपल्याच दाव्यासकट जातं. त्याचा अर्थ, हे परत येणार आहे. हे कोणी बोलून दाखवत नाही. गळ्याकडे पाहिलं की कळतं. त्या सकाळी बाबा रानात लाकडं आणायला गेले होते. जाताना मला बजावून गेले, "सुमे, दाव्यासकट दे बरं का." टेम्पो आला. सिनेमावाल्यांकडे नवी कोरी लाल दोरी होती, घुंगरू लावलेली. गोंड्याच्या गळ्यातलं अंबाडीचं दावं मळून काळं झालेलं, त्याला त्याच्या मानेचा वास. पंधरा दिवस तो नसणार तर तो वास तरी माझ्याजवळ राहावा, असं मला वाटलं. मी दावं काढून घेतलं आणि लाल दोरी बांधू दिली. दावं भाताच्या कणगीखाली लपवलं. रीत मला ठाऊक नव्हती असं मी म्हणणार नाही. अर्धवट ठाऊक होती, आणि पंधरा दिवसांत काय होतंय, असंही वाटलं.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. गोंड्या आला नाही. हरणीनं पान्हा चोरला. गावठी गाय वासराशिवाय दूध देत नाही. आईनं किती गोंजारलं, पुढ्यात कोंडा ठेवला, पण सड कोरडेच. मग ती आटली. पण आटण्यापेक्षा वाईट होतं ते तिचं वाट पाहणं. संध्याकाळी गुरांबरोबर परत आली की ती गोठ्यात शिरायची नाही. टेम्पो ज्या वाटेनं गेला त्या वाटेकडे तोंड करून अंगणात उभी राहायची आणि हंबरायची. भिंतीपलीकडचं रवंथ बंद झालं. भाकरीच्या थपथपीलासुद्धा ती मान वळवेना. बाबा दोनदा मुरबाडच्या बाजारात जाऊन विचारून आले. सिनेमावाले कधीच मुंबईला निघून गेले होते, आणि ते कुठल्या गावात उतरले होते ते कोणालाच नीट सांगता येईना. तालुका काय लहान आहे? पुढे पाऊस लागला, लावणी आली, बाबांचं जाणं थांबलं. कणगीखालच्या दाव्याबद्दल मी कोणालाच काही बोलले नाही. सिनेमावाल्यांनी गोंड्याला पळवलं असं सगळे म्हणायचे, आणि मी पण मान हलवायची.

दिवाळी होऊन गेल्यावर एक माणूस यंत्र आणि डबे घेऊन आमच्या शाळेत हजर झाला. साहेबांनी शब्द पाळला होता, गावाला सिनेमा दाखवायचा. बाबांनी आधी त्याची मानगूटच धरली, वासरू कुठाय म्हणून. तो बिचारा यंत्र चालवणारा, त्याला वासराचं काय माहीत! गुरुजींनी मध्ये पडून सोडवलं. दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या आणि बारदानं लावून अंधार केला. सगळा गाव दाटीवाटीनं बसला, वाडीवरची माणसं मागच्या भिंतीला. सोमीबाय दारापाशी. यंत्र घरघरायला लागलं, धुळीतून उजेडाचा पट्टा निघाला आणि समोरच्या पांढऱ्या चादरीवर आमचा ओढा वाहायला लागला. आमचाच ओढा, आमचीच करवंदीची जाळी. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आणि मग गोंड्या आला. भिंतीएवढा मोठा. त्याच्या पापण्यांचे केस मोजता येत होते. त्यानं तोंड उघडलं आणि तो बोलला.

एक म्हातारा हात जोडून बसला. मला गूळ ठाऊक होता, तो जबडा का हलतोय ते ठाऊक होतं, आणि तरी माझ्या मनात आलं, हा इतके दिवस बोलत होता आणि मी ऐकलं नाही. तो बेडकाला विचारत होता, घारीला विचारत होता, माझं घर पाहिलंत का? प्रत्येक वेळी मला हुंदका येत होता. फक्त आई रागावली होती. तो शहरातल्या मुलासारखं शुद्ध बोलत होता ना! आई मोठ्यानं म्हणाली, "ह्यो आपला नाय. आपला असता तं आये बोलला असता." लोक हसले, आणि आईनं पदर डोळ्यांना लावला.

शेवटी गोंड्याला त्याची आई सापडते. उघडं माळरान, मागे मोठा डोंगर, एका उंबराखाली एक पांढरी गाय उभी. गोंड्या धावत सुटतो आणि तिच्या कासेला लागतो. तेव्हा तो काही बोलत नाही. एवढा वेळ बोलणारं वासरू तिथे गप्प होतं, नुसता दूध पिण्याचा आवाज येतो. लोक डोळे पुसत होते, इतक्यात दारातून सोमीबाय ओरडली, "थांबवा! तो डोंगर बगू द्या मला!" यंत्रवाला म्हणाला, मधेच थांबवलं तर फिल्म जळेल. बाबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं निमूटपणे शेवटचं रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. सोमीबाय माणसांतून वाट काढत पडद्याला जाऊन भिडली. तिची सावली गोंड्याच्या पाठीवर पडली. "सिद्धगड हाय ह्यो," ती म्हणाली. "आमी भात कापाया जाताव तिकडं. ती बग माची, त्याच्या खांद्यावर." तिसऱ्यांदा रीळ लावलं. आता गोंड्याकडे आणि गायीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळा गाव मागच्या डोंगराकडे डोळे फाडून पाहत होता. माची इकडून अशी दिसते, तिकडून तशी, सुळका कुठे झाकतो, वाद सुरू झाला. डोंगर नुसता ओळखून आमच्याकडे कोणाचं भागत नाही. तो कुठल्या गावातून असा दिसतो, हेही सांगता यावं लागतं. सोमीबायनं बोटानं चादरीवर रेघ ओढली आणि म्हणाली, "नदीच्या अल्याड. तिथं गेलाव की मी उबी रायन आन् सांगन."

दुसऱ्या दिवशी बाबा, सोमीबाय आणि मी निघालो. खर्डीहून एसटीनं शहापूर, तिथून मुरबाड, मग अजून एक गाडी, मग पायी. मी तोवर शहापूरच्या पलीकडे गेले नव्हते. आणि एका वळणावर सिद्धगड समोर आला. चादरीवर पाहिलेला डोंगर खराच होता, आभाळात शिरलेला, काळा, त्याच्या अंगावर ढगाची सावली सरकत होती. माझी मान मागे झुकली आणि तोंड उघडंच राहिलं. बाबांनी आपसूक पायातल्या वहाणा काढल्या. सोमीबायला मात्र फुरसत नव्हती. ती बांधावर उभी राहायची, एक डोळा मिटायची, "आजून नाय," म्हणायची आणि डावीकडे चालू लागायची. शेतांत पेंढ्यांच्या उडव्या होत्या. आम्ही तिच्यामागून बांधाबांधानं जात होतो. थोडं गेलं की पुन्हा थांबायची. "माची आजून भायेर हाय. आत जाया पायजे." दीड-दोन तास ती डोंगराला असं जागेवर बसवत होती. आमच्या पावलांबरोबर तो एवढा मोठा डोंगर हळूहळू फिरत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे आयुष्यात मी समुद्र पाहिला, हिमालय पाहिला. पण असं काही पुन्हा पाहिलं नाही. शेवटी एका माळावर ती थबकली आणि म्हणाली, "ह्यो बग." वर पाहिलं तर चादरीवरचा डोंगर, अगदी तसाच. खाली पाहिलं तर उंबर. उंबराखाली पांढरी गाय. आणि तिच्या मागे गोंड्या, केवढा वाढलेला, माझ्या खांद्याला लागेल इतका, तिच्या कासेला ढुशा देत होता.

मी हाका मारत धावले. त्यानं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागला.

घर जवळच होतं. घरधनी दगडूबाबा, पिकल्या मिशांचे, वरईचा भात आणि कुळथाचं पिठलं समोर ठेवल्याशिवाय एक शब्द बोलू देईनात. मग म्हणाले, सिनेमावाल्यांनी गुरं सांभाळायला मला ठेवलं होतं. "काम आटोपलं आन् सायेब बोलला, वासराचं तुमी बगा. मी गळ्यात बगितलं तं दावं नाय. सिनेमाची लाल दोरी. मला वाटलं, मालकानं देऊन टाकला." बाबा ताडकन म्हणाले, "दाव्यासकट दिलेला आमी!" दगडूबाबांनी शांतपणे मान हलवली. "नाय हो पावणं. मी काय खोटं बोलन?" दोघंही खरं बोलत होते, आणि ते कसं, हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं. मी सांगून टाकलं. कणगी, दावं, मानेचा वास, सगळं. बाबांनी मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही. त्यांनी फक्त ताट बाजूला सारलं. ते मला माराहून जास्त लागलं.

मग दगडूबाबांच्या बायकोनं पुढचं सांगितलं. त्या पांढऱ्या गायीचं नाव चांदी. सिनेमावाले यायच्या आठ दिवस आधीच तिचं वासरू मेलं होतं. सिनेमावाल्यांनी आईच्या कामाला शहरातून एक गोरीगोमटी गाय आणली होती. ती गोंड्याला जवळ येऊ देईना, लाथा झाडायची. पोर तीन दिवसांचं भुकेलं. आणि एकदा दोरी निसटली तसा तो सरळ पळत सुटला, उंबराखाली चरणाऱ्या चांदीकडे. "आमाला वाटलं मारतेय आता. तं ती उबी रायली. हलली नाय. पान्हा घातला तिनं." सिनेमावाल्यांचं यंत्र चालूच होतं. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, साहेबसुद्धा तोंडावर हात ठेवून उभे होते. म्हणजे आम्ही तीन-तीनदा पाहिलं ते नाटक नव्हतंच. त्या सिनेमातली तेवढी एकच गोष्ट खरी होती. ती भिंतीएवढी मोठी आमच्यासमोर होती आणि आम्ही सगळे मागचा डोंगर बघत बसलो होतो.

दगडूबाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुमचा हाय, तुमी न्या," म्हणून त्यांनी गोंड्याला सोडून माझ्या हाती दिला आणि तोंड फिरवलं. आम्ही निघालो. दोन बांध ओलांडले नाहीत तोच मागून चांदी हंबरली. तो आवाज मी ओळखत होते. आमच्या अंगणात सहा-सात महिने तोच आवाज रोज संध्याकाळी ऐकला होता. गोंड्यानं चारही पाय रोवले. बाबा थांबले. मी बाबांकडे पाहिलं, ते सिद्धगडाकडे पाहत होते. सोमीबाय म्हणाली, "पोरी, तूच बग आता." मी मोठ्या मनानं त्याला सोडून दिलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी दोरी घट्ट धरली, दोन्ही हातांनी, आणि भोकाड पसरलं. तो ओढत होता, मी ओढत होते. मग चांदी पुन्हा हंबरली आणि माझे हात सैल पडले, इतकंच. तो गेला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. तिनं आमचे रिकामे हात पाहिले. बाबा म्हणाले, "सुमी सांगल." मी आईला सांगायला लागले. दाव्यापर्यंत आले तशी तिनं मला अडवलं. म्हणाली, "मला काय सांगतेस? जिला सांगायचं तिला सांग जा."

हरणी अंगणात होती, वाटेकडे तोंड करून. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. जनावराशी आम्ही सगळेच बोलतो, हाकलताना, दूध काढताना. पण असं समोर उभं राहून, माणसाला सांगावं तसं, मी कधी बोलले नव्हते. मग मी म्हणाले, "हरणे, दावं मी ठेवलं. बाबांनी नाय, सिनेमावाल्यांनी नाय. मी." तिचे कान माझ्याकडे वळले. मी तिला सगळं सांगितलं. गड केवढा आहे ते, उंबर, चांदी. चांदीचं वासरू गेलं तेही सांगितलं. "तो मोठा झालाय गो. खांद्याएवढा. पोटभर पितोय. तो काय येणार नाय." तिला कळलं असं मी म्हणत नाही. कळलं नाही असं म्हणायचीही माझी आजवर हिंमत झालेली नाही. रडून रडून माझं तोंड ओलं झालं होतं. तिनं मान पुढे केली, माझा चेहरा हुंगला आणि चाटायला लागली. हनुवटीपासून कपाळापर्यंत, कानांमागे, मानेवर, गोंड्याला चाटायची तशी, खरखरीत जिभेनं, सावकाश. कातडी जळत होती. मी हलले नाही. तिचं पुरतं होईपर्यंत तशीच उभी राहिले.